इटालियन कंपनीतला वाटा इंग्रजीत कसा लिहायचा?

इटलीतल्या एखाद्या छोट्या कंपनीचा सरकारी उतारा हातात आला, की त्यात मालकांची यादी असते. या उताऱ्याला ‘विझुरा’ म्हणतात. तो ‘रेजिस्त्रो देल्ले इम्प्रेसे’ या नोंदवहीतून मिळतो आणि ती नोंदवही तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे असते. समजा, कंपनीचं भांडवल दहा हजार युरो आहे. एका मालकाच्या नावापुढे साधारण असं लिहिलेलं दिसेल: क्वोता (म्हणजे वाटा), दर्शनी मूल्य 3.000,00 युरो (म्हणजे तीन हजार), पैकी भरणा 3.000,00 युरो, हक्काचा प्रकार, मालकी.

नवखा अनुवादक याचं इंग्रजी झटकन करून टाकतो: प्रत्येकी एक युरोचे तीन हजार शेअर्स. हिशेब जुळतो, वाक्यही कानाला बरं लागतं. अडचण इतकीच, की असे तीन हजार शेअर्स कुठेच नाहीत. कुणी ते काढले नाहीत, कुणाला वाटले नाहीत. त्या माणसाकडे आहे तो एकच क्वोता, तीन हजार युरोंचा. इंग्रजीत गेल्यावर मात्र त्याचे तीन हजार तुकडे झाले. उद्या कुणी करारात ‘त्यातले 1 ते 500 क्रमांकाचे शेअर्स मी विकतो’ असं लिहिलं, तर नसलेली वस्तू विकल्यासारखं होईल.

हा घोळ होतो, कारण कंपनीतल्या मालकीसाठी इंग्रजीत एकच सरसकट शब्द रुळला आहे. ब्रिटनमध्ये 1907 च्या कायद्याने खासगी कंपनी मान्य केली तेव्हा वेगळ्या घडणीची संस्था उभी केली नाही. आधीचीच कंपनी ठेवली आणि तिला काही अटी घातल्या: सभासद मर्यादित, शेअर हस्तांतरावर बंधन, जनतेकडून पैसे गोळा करायचे नाहीत. त्यामुळे मोठ्या पब्लिक कंपनीतही शेअर आणि चार भावांच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्येही शेअरच. आपल्याकडे 1913 च्या कंपनी कायद्याने हीच पद्धत आणली आणि 2013 च्या कायद्यातही ती टिकून आहे. म्हणून पुण्यातल्या सीएला, ठाण्यातल्या कंपनी सेक्रेटरीला ‘कंपनी म्हटली की शेअर’ हे इतकं सवयीचं असतं, की दुसरं काही असू शकेल हे डोक्यात येत नाही.

युरोपात गोष्ट वेगळी घडली. जर्मनीने 1892 साली छोट्या उद्योगांसाठी मुद्दाम निराळी संस्था तयार केली, तीच ‘गे-एम-बे-हा’. पहिल्या महायुद्धानंतर आल्सास-लोरेन फ्रान्सकडे परत आलं, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांना या जर्मन प्रकाराची सवय झालेली होती. 1925 साली फ्रान्सनेही तसा प्रकार आणला. इटलीने 1942 च्या नागरी संहितेत त्याला जागा दिली. तीच एस.आर.एल., म्हणजे ‘सोचेता आ रेस्पोन्साबिलिता लिमिताता’. तिच्या शेजारी मोठ्या भांडवलाची एस.पी.ए., म्हणजे ‘सोचेता पेर आत्सियोनी’. एस.पी.ए.च्या नावातच ‘आत्सियोनी’ आहेत. त्या म्हणजे आपल्या ओळखीचे शेअर्स. एस.आर.एल.मध्ये आत्सियोनी नसतात. नुसत्या नसतात असं नाही. संहितेचं 2468 वं कलम सांगतं, की एस.आर.एल.मधले हिस्से आत्सियोनीच्या रूपात मांडताच येणार नाहीत. इतका स्पष्ट मनाईहुकूम असताना इंग्रजीत ‘शेअर’ लिहायचं, म्हणजे कायद्याने बंद केलेलं दार अनुवादकाने उघडायचं!

एस.पी.ए.चं काम सोपं आहे. बारामतीत तीनचाकी बनवणाऱ्या पियाजिओचं उदाहरण घ्या. तिची मूळ कंपनी तस्कनीतल्या पोन्तेदेरा गावची, नाव ‘पियाजिओ अँड सी. एस.पी.ए.’, आणि ती मिलानच्या शेअर बाजारात आहे. तिच्या आत्सियोनी म्हणजे शेअर्स, तिचा ‘आत्सियोनिस्ता’ म्हणजे शेअरहोल्डर. बारामतीच्या बाजूला प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे तिथेही शेअर्सच. एस.पी.ए.ला किमान 50,000 युरो भांडवल लागतं. 2014 पूर्वी हाच आकडा 1,20,000 होता. भांडवल सारख्या तुकड्यांत विभागलेलं, एका वर्गातल्या प्रत्येक तुकड्याला सारखे हक्क. हवं तर दर्शनी मूल्य छापू नका, पण तुकडे मोजता आलेच पाहिजेत. इथे इंग्रजीत ‘शेअर’ लिहून निर्धास्त राहावं. एवढंच बघावं, की ‘आत्सियोने’चा दुसरा अर्थ दावा असाही आहे. ‘आत्सियोने दी रेस्पोन्साबिलिता’ म्हणजे जबाबदारीचे शेअर्स नव्हेत. संचालकांनी केलेलं नुकसान त्यांच्याकडून वसूल करण्यासाठी लावलेला तो दावा असतो.

एस.आर.एल. मात्र समजून घ्यावी लागते. आपल्याकडे सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात आणि नावापुढे हिस्सा लिहिलेला असतो, चार आणे, आठ आणे. आठ आणेवाल्याकडे ‘आठ वस्तू’ नसतात, एकच हिस्सा असतो, तो मोठा इतकंच. क्वोताचं असंच आहे. धाकट्याचा हिस्सा थोरल्याने घेतला तर त्याच्याकडे दोन हिस्से होत नाहीत, त्याचा एकच हिस्सा वाढतो. ही तुलना इथेच सोडावी लागते, कारण जमिनीत भाऊ खरोखर सहमालक असतात, तर एस.आर.एल.ची यंत्रं आणि गाळा कंपनीच्या मालकीचे असतात. क्वोतावाल्याचा हक्क कंपनीवर असतो, गाळ्यावर नाही.

आता आकड्यांत पाहू. दहा हजारांच्या भांडवलात तिघांचे हिस्से पन्नास, तीस आणि वीस टक्के. तीस टक्केवाल्याने आपल्यातला निम्मा भाग पन्नास टक्केवाल्याला विकला. आता हिस्से पासष्ट, पंधरा, वीस. क्वोते किती? आधीही तीन, आताही तीन. मग इंग्रजी करारात ‘15 क्वोते विकले’ लिहिणं जसं चुकीचं, तसंच ‘1,500 शेअर्स विकले’ लिहिणंही. बरोबर वाक्य असं: विकणाऱ्याने कंपनीच्या भांडवलाच्या 15 टक्के इतका, म्हणजे दर्शनी 1,500 युरोंचा, क्वोताचा भाग विकला. थोडं लांबतं, पण त्याचा अर्थ एकच निघतो.

मतदानातही हेच. एस.पी.ए.मध्ये एका शेअरला एक मत हा मूळ नियम आहे. मग त्यात मतं नसलेले शेअर्स आले, जास्त मतांचे आले. जास्तीत जास्त तीन मतं देता येत होती, ती मर्यादा 2024 च्या कायद्याने दहावर नेली. एस.आर.एल.मध्ये सभासदाचं मत त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात मोजलं जातं. इंग्रजी सारांशात ‘प्रत्येक क्वोताला एक मत’ असं लिहिलं, तर 10 टक्केवाला आणि 60 टक्केवाला एका पातळीवर आले. सहकारी संस्थेत ते चालतं, एस.आर.एल.मध्ये नाही.

यातला सर्वांत सूक्ष्म, आणि माझ्या मते अनुवादकाची खरी परीक्षा घेणारा भाग विशेष हक्कांचा आहे. एस.पी.ए.मध्ये जास्त लाभांश किंवा जास्त मतं हवी असतील तर शेअरचा वेगळा वर्ग काढतात. हक्क शेअरला चिकटतो. शेअर ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे हक्क जातो. एस.आर.एल.मध्ये संहिता विशेष हक्क माणसाला देते. अमुक सभासदाला एक संचालक नेमता येईल, तमुक सभासदाला नफ्यातला वाटा हिश्श्यापेक्षा जास्त मिळेल, अशी व्यवस्था असते. त्या सभासदाने क्वोता विकला म्हणजे हक्कही आपोआप विकला, असं धरता येत नाही. आता कुणी या कलमाचं इंग्रजी ‘क्लास ए शेअर्स’ असं केलं, आणि ते वाचून मुंबईतल्या खरेदीदाराने पैसे मोजले, तर त्याला वाटेल संचालक नेमण्याचा हक्क किमतीत आला. तो आलेला नसतोच कदाचित. अशा वेळी भाषांतराचं बिल फार महाग पडतं.

हस्तांतराचे शब्दही सांभाळावे लागतात. एस.आर.एल.मध्ये शेअर सर्टिफिकेट नसतं, त्यामुळे त्यावर सही करून ते देऊन टाकण्याचा प्रश्नच येत नाही. विक्रीच्या कागदावरच्या सह्या ‘नोतायो’समोर प्रमाणित होतात आणि तो कागद तीस दिवसांच्या आत नोंदवहीत दाखल होतो. 2008 पासून हेच काम अधिकृत हिशेबनीसामार्फत डिजिटल सहीनेही करता येतं. इटलीतला नोतायो म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारा नोटरी नव्हे, हेही जाता जाता. तो मोठा कायदेपंडित असतो आणि कागदात कायद्याविरुद्ध काही नाही ना, हे पाहणं त्याचंच काम असतं. जुन्या करारांत सभासदांच्या रजिस्टरचा उल्लेख सापडतो. एस.आर.एल.साठी ते रजिस्टर 2009 साली रद्द झालं, तेव्हा आजच्या करारात ते दिसलं तर बहुधा जुना मसुदा नकलून काढला आहे असं समजावं.

मग क्वोताला इंग्रजीत म्हणायचं काय? माझं मत सरळ आहे: करारात, ठरावात, कोर्टाच्या कागदात ‘क्वोटा’च ठेवावा आणि पहिल्याच पानावर व्याख्या द्यावी, की हा इटालियन एस.आर.एल.मधला एका सभासदाचा एकसंध हिस्सा आहे. धारकाला ‘क्वोटाहोल्डर’. इटलीतल्या वकिली फर्म्स इंग्रजीत वर्षानुवर्षं हेच लिहीत आल्या आहेत. यावर आक्षेप असा, की इंग्रजी माणसाला क्वोटा म्हटलं की मासेमारीची मर्यादा आठवते. आपल्यालाही आरक्षण किंवा रेल्वेचा कोटा आठवतो. आक्षेप खरा आहे, पण मला तोच फायदा वाटतो. वाचणारा अडखळतो, व्याख्या शोधतो. ‘शेअर’ वाचून तो अडखळत नाही, आणि धोका त्यातच आहे.

बातमीत, कंपनीच्या ओळखपत्रकात, बँकेला लिहिलेल्या साध्या पत्रात इतकं सोवळं पाळायची गरज नाही. तिथे ‘स्टेक’ किंवा ‘इंटरेस्ट’ बेलाशक लिहावं, कारण दोन्ही शब्द टक्केवारीला चालतात आणि मोजणीचा आभास देत नाहीत. अमेरिकी वाचकासाठी काहीजण ‘मेंबरशिप इंटरेस्ट’ लिहितात, तो तिथल्या एल.एल.सी.चा शब्द. अर्थाने तो जवळचा आहे, पण त्याच्यामागे एल.एल.सी.चं करगणित येतं. तिथे नफ्यावरचा कर बहुधा मालकांच्या हातात लागतो, तर एस.आर.एल. साधारणपणे स्वतःच 24 टक्के कंपनी कर भरते. अमेरिकेच्या करनियमांत तर एस.पी.ए. आणि एस.आर.एल. यांना वेगवेगळं वागवलं आहे. एस.पी.ए.ला कॉर्पोरेशनच मानायचं, पर्याय नाही, एस.आर.एल.ला आपण कोणत्या प्रकारात मोडायचं हे निवडता येतं. म्हणून एस.आर.एल.चं इंग्रजी ‘जॉइंट स्टॉक कंपनी’ (हा एस.पी.ए.ला शोभणारा शब्द) केलं, तर ती चूक थेट कर-सल्लागाराच्या टेबलावर जाऊन पोचते.

भारतीय वाचकाला समजवायचं असेल तर मी एल.एल.पी.कडे बोट दाखवते. 2008 च्या कायद्याखालच्या एल.एल.पी.मध्ये शेअर नसतो. भागीदाराचं योगदान असतं आणि नफ्याचं प्रमाण ठरलेलं असतं. क्वोता तंतोतंत तसा नाही, पण ‘किती शेअर्स?’ या रकान्यात आकडा भरता येत नाही हे पटवायला एवढं पुरतं. पुण्यातल्या एखाद्या कंपनीने इटलीतला यंत्रांचा छोटा कारखाना घेतला, तर तो बहुधा एस.आर.एल.च असतो, आणि मग कुठल्या ना कुठल्या तक्त्यात शेअर्सची संख्या विचारलेली असतेच. तिथे ‘लागू नाही’ लिहून शेजारी दर्शनी रक्कम आणि टक्केवारी द्यावी. रकाना रिकामा दिसतो म्हणून आकडा बनवून टाकू नये.

‘क्वोता’ या एका शब्दाच्या बाकीच्या अर्थांनीही डोकं पिकतं. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत क्वोता म्हणजे युनिट, मोजता येणारं. क्लबच्या पावतीवर क्वोता म्हणजे वर्गणी. डोंगरावरच्या पाटीवर क्वोता म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. 2019 ते 2021 या काळातली ‘क्वोता 100’ ही पेन्शन योजना: वय 62 आणि वर्गणी 38 वर्षं, बेरीज शंभर. अनेकवचन ‘क्वोते’, आपल्या घोडा-घोडेच्या चालीवर, हा निव्वळ योगायोग. पण रोमन लिपीत हे अनेकवचन इंग्रजीतल्या अवतरण या अर्थाच्या शब्दासारखंच दिसतं, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात भागीदार आपली ‘अवतरणं’ विकू लागतात. याहून मजेदार प्रकार ‘क्वोताता’चा. ‘सोचेता क्वोताता’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. म्हणजे जिच्यात क्वोते असतात ती एस.आर.एल. बाजारात नसते, आणि जी क्वोताता असते तिच्यात क्वोते नसून आत्सियोनी असतात.

‘सोचो’ हा शब्द दिसायला साधा, पण त्याला एकच इंग्रजी प्रतिशब्द शोधणं व्यर्थ आहे. एस.पी.ए.मधला सोचो शेअरहोल्डर, एस.आर.एल.मधला क्वोटाहोल्डर, भागीदारी पेढीतला पार्टनर, सहकारी संस्थेतला सभासद. आधी कंपनीच्या नावाची शेवटची अक्षरं पाहायची, मग शब्द ठरवायचा. ‘सोचाले’चं तसंच. ‘कापिताले सोचाले’मध्ये सामाजिक काही नाही, ते कंपनीचं भांडवल. ‘सेदे सोचाले’ म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. एस.आर.एल.च्या भांडवलाला ‘शेअर कॅपिटल’ म्हणावं की ‘कॉर्पोरेट कॅपिटल’, यावर वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. मी दुसरं लिहिते, पण पहिल्याने कुणाचं नुकसान झालेलं माहीत नाही. लेटरहेडवर भांडवलाच्या आकड्यापुढे ‘ई. वी.’ (रोमन लिपीत i.v.) अशी दोन अक्षरं असतात, ती पूर्ण भरणा झाल्याची खूण. तिला रोमन चार समजू नये. आणि इटालियन 10.000,00 म्हणजे दहा हजार. टिंब हजारांसाठी, स्वल्पविराम दशांशासाठी. इंग्रजीत ते उलटं करायला विसरलं, की दहा हजारांची कंपनी दहा युरोंची होते. एस.आर.एल. कायद्याने एका युरोच्या भांडवलावरही काढता येते, त्यामुळे ही चूक वाचणाऱ्याला खटकतही नाही.

2003 च्या सुधारणेने, जी 1 जानेवारी 2004 पासून लागू झाली, संहितेत ‘पार्तेचिपात्सियोने’ हा व्यापक शब्द पुढे आणला. शेअर असो की क्वोता, कंपनीतला कुठलाही वाटा म्हणजे पार्तेचिपात्सियोने. इंग्रजीत याचं ‘पार्टिसिपेशन’ करण्याचा मोह होतो, पण ते वाचून सहभागाची आठवण येते, मालकीची नाही. ‘होल्डिंग’ किंवा ‘इक्विटी इंटरेस्ट’ बरं. शिवाय एस.पी.ए. काही आर्थिक साधनं काढू शकते, ज्यांच्या नावात हाच शब्द विशेषण म्हणून येतो. ती घेणारा भागधारक होत नाही आणि त्याला भागधारकांच्या सर्वसाधारण सभेत मत नसतं. त्यांना शेअर म्हटलं की सभेची गणसंख्याच चुकते.

इटलीतल्या कौटुंबिक कंपन्यांत एक रचना वारंवार भेटते: वडील मुलांच्या नावे ‘नुदा प्रोप्रिएता’, म्हणजे उघडी मालकी करतात आणि ‘उझुफ्रुत्तो’, म्हणजे उपभोगाचा हक्क, स्वतःकडे ठेवतात. विझुरात हक्काच्या रकान्यात मालकीऐवजी हे शब्द येतात. वेगळं काही ठरलं नसेल तर मत उपभोग घेणाऱ्याचं, म्हणजे सत्ता वडिलांकडेच. इंग्रजीत यासाठी ‘लीगल’ आणि ‘बेनिफिशियल ओनर’ ही जोडी वापरू नये. ती ट्रस्टच्या कायद्यातून आली आहे, आणि मनी लाँडरिंगच्या फॉर्मात ‘बेनिफिशियल ओनर’चा अर्थ आणखी वेगळा. ‘बेअर ओनरशिप’ आणि ‘युजुफ्रक्ट’ हे जड वाटले तरी अचूक आहेत.

सहकाराचं थोडक्यात, कारण महाराष्ट्राला त्यात नवल नाही. इटालियन सहकारी संस्थेत आत्सियोनीही असू शकतात आणि क्वोतेही, आणि मत माणशी एक. साखर कारखान्याचा सभासद हे एका वाक्यात समजून घेईल.

क्वोता मोजता येत नाही हा जो नियम मी इथवर सांगत आले, त्याला अलीकडे फटी पडल्या आहेत. 2012 मध्ये नवोन्मेषी स्टार्टअप एस.आर.एल.ना वेगवेगळ्या हक्कांच्या क्वोतांचे वर्ग काढायची परवानगी मिळाली आणि 2017 मध्ये ती सगळ्या लघु-मध्यम एस.आर.एल.ना लागू झाली. 2024 च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: असे क्वोते समान मूल्याचे, समान हक्कांचे, कागदाविना डिमॅट स्वरूपातही काढता येतात. अशा कंपनीत क्वोत्यांना संख्या असते, वर्ग असतो, आणि ‘ब वर्गाचे 400 क्वोते’ हे इंग्रजीत शब्दशः लिहिणंच योग्य. म्हणून एस.आर.एल.चं काम हाती घेताना मी नुसती विझुरा पुरेशी मानत नाही. कंपनीची नियमावली, म्हणजे ‘स्तातुतो’, मागून घेते आणि आधी हिश्श्यांचं कलम वाचते.